एक रुपयाचं तिकीट आणि आमचं जळगाव

 

परवा जुनी सांगवीत कट्ट्यावर 'सरफिरा' सिनेमाचा विषय निघाला. एकजण छाती फुगवून म्हणाला, "बघा, स्वस्त विमान आपल्या मराठी माणसाने आणलं, म्हात्रेने!" भाऊ, म्हात्रे सिनेमातला. खरा माणूस कॅप्टन जी. आर. गोपीनाथ, कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात गोरूर गावी वाढलेला. सैन्यात होता, 1971 च्या युद्धात होता. नोकरी सोडून शेती केली, रेशीमकिडे पाळले, मग 1997 ला हेलिकॉप्टरची कंपनी काढली आणि 2003 मध्ये एअर डेक्कन. 23 ऑगस्ट 2003 ला बंगळूर ते हुबळी हे पहिलं नियमित उड्डाण झालं. दिल्ली नाही, मुंबई नाही, हुबळी! मला या इतिहासातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच.

त्याआधी विमान म्हणजे काय होतं ते आठवा. विमानतळावर आपण जायचो ते कुणाला तरी सोडायला. गोपीनाथांनी अमेरिकेतल्या साउथवेस्टचं आणि युरोपातल्या रायनएअरचं गणित उचललं. सगळ्यांना एकच वर्ग. जेवण फुकट नाही, पाणी हवं तर विकत घ्या. तिकीट इंटरनेटवर, काही ठिकाणी तर पेट्रोल पंपावरही मिळायचं. विमान जमिनीवर उभं राहिलं की ते पैसे खातं, म्हणून उतरलं की लगेच माणसं भरून परत वर. काही जागा एक रुपयाला. आणि कंपनीचा चेहरा कोण, तर आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन', धोतर आणि चौकडीचा कोट घातलेला. लक्ष्मण शेवटी पुण्यातच होते, 2015 ला इथेच गेले. म्हणजे या गोष्टीत आपलं कुणीच नाही असंही नाही.

आता घरचं सांगतो. माझे वडील चाकणला एका कारखान्यात फिटर होते. मूळ गाव जळगाव जिल्ह्यात. (पिंपरी-चिंचवडमध्ये दगड मारला तर खानदेशी माणसाला लागतो, हे तुम्हाला माहीतच आहे.) 2006 साली थोरल्या भावाला गुडगावला मुलगा झाला आणि वडील पहिल्यांदा विमानात बसले, एका कमी भाड्याच्या कंपनीच्या. आईने सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. परत आल्यावर ते विमानाबद्दल फार काही बोललेच नाहीत. एवढंच म्हणाले, "दोन तासांत दिल्ली. आणि आपलं जळगाव अजून रात्रभर!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तो काळ धामधुमीचा होता. 2005 मध्ये स्पाइसजेट आणि गो एअर आल्या, 4 ऑगस्ट 2006 ला इंडिगोचं पहिलं विमान उडालं. भाडी खर्चाच्याही खाली गेली. डेक्कन साठाहून जास्त शहरांत पोचली, पण तोट्यात रुतली. 2007 ला विजय मल्ल्यांच्या समूहाने तिचे 26 टक्के शेअर घेतले. का घेतले, तर तेव्हाच्या नियमानुसार परदेशी उडायला देशात पाच वर्षं उडालेलं असावं लागायचं आणि वीस विमानं लागायची. किंगफिशर 2005 ची, डेक्कन 2003 ची. ऑगस्ट 2008 ला डेक्कनची पाच वर्षं भरली आणि पुढच्याच महिन्यात किंगफिशरचं विमान लंडनला गेलं. हुबळीसाठी काढलेली कंपनी लंडनचा परवाना म्हणून वापरली गेली! डेक्कनची झाली 'किंगफिशर रेड', आणि 2012 ला सगळाच कारभार बंद.

स्वस्त विमान मात्र मेलं नाही. इंडिगोने शिस्त पाळली. बरीच वर्षं एकाच जातीची विमानं, त्यामुळे सुटे भाग तेच, वैमानिकांचं प्रशिक्षण तेच. पण बाकीचे गळत गेले. गो एअर नाव बदलून गो फर्स्ट झाली आणि 3 मे 2023 ला थांबली. आज देशातल्या दहा प्रवाशांतले सहाहून जास्त एकट्या इंडिगोचे. त्याचा अर्थ डिसेंबर 2025 मध्ये कळला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, कंपनीची तयारी नव्हती, हजारो उड्डाणं रद्द, आणि लोहगावलाही लोक बॅगांवर डोकं ठेवून झोपलेले. दुसरीकडे जावं तर दुसरी विमानं पुरेशी नाहीत, आणि असतील त्यांचं भाडं डोळे पांढरे करणारं.

आता आपल्या भागाकडे या. 2016 ला केंद्राने 'उडान' योजना आणली. छोट्या शहरांचे मार्ग, अर्ध्या जागांना तासाभराच्या प्रवासासाठी 2500 रुपयांची मर्यादा, उरलेला तोटा सरकार भरून देणार. गोपीनाथ पुन्हा उतरले. 23 डिसेंबर 2017 ला नव्या एअर डेक्कनने मुंबई-जळगाव सुरू केलं, आणि नाशिकहून पुणे! अठरा-एकोणीस जणांचं छोटं विमान.

पुणे-नाशिक ऐकून मला आधी हसूच आलं. आमच्या सांगवीतून नाशिक फाटा रिक्षाने किती वेळ? आणि लोहगाव? बोपोडी, खडकी, विश्रांतवाडी करत पोचेपर्यंत नाशिकची एसटी चाकण ओलांडून पुढे गेलेली असते. त्यात लोहगाव हवाई दलाचं. धावपट्टी त्यांची, वेळा त्यांच्या सोयीने. मोठ्या विमानांनाच जागा अपुरी, तिथे अठरा जणांच्या विमानाला चांगली वेळ कोण देणार? उड्डाणं कधी असायची, कधी नसायची. एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, तीही कंपनी बंद झाली. आपल्याकडे चाकण-खेडला विमानतळ होणार म्हणून किती वर्षं जमिनीचे भाव वाढले, आठवतंय ना? 2016 मध्ये तो पुरंदरला गेला. तिथेही अजून विमान उतरलेलं नाही.

राज्य सरकारने काहीच केलं नाही असंही म्हणता येणार नाही. 2023 च्या अर्थसंकल्पात विमानाच्या इंधनावरचा व्हॅट मुंबई-पुण्यासाठी 25 वरून 18 टक्के केला. पण त्याचा फायदा जास्त तेल पिणाऱ्या मोठ्या विमानांना, म्हणजे पुन्हा दिल्ली-बंगळूरलाच.

आणि मग 2024 मध्ये गोव्याच्या फ्लाय नाइन्टीवन या कंपनीने पुणे-जळगाव सुरू केलं. विमान एटीआर, पंखेवालं, डेक्कनने 2003 ला ज्या जातीच्या विमानाने सुरुवात केली त्याच घराण्यातलं. बातमी आली तेव्हा वडील 78 चे होते. मी म्हटलं, "दादा, तिकीट काढू का?" ते म्हणाले, "किती वेळ लागतो?" म्हटलं, तास-दीड तास. "आणि घरून लोहगाव?" म्हटलं, गर्दी असली तर तेवढाच.

खूप हसले. मग म्हणाले, "काढ. येताना ट्रॅव्हल्सने येऊ."