घरातला दगड आणि टाकी धरणारे हात

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण सारेच सांगतो. दगडाने काय सोसले ते तीत आले. टाकी ज्याने धरली त्याने काय सोसले, हे कोणी विचारीत नाही. नाशिकच्या घरांतील दगडाचा इतिहास आम्ही त्या बाजूने मांडणार आहोत.

आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. सुमारे 2000 वर्षांपूर्वी पांडवलेण्यांत तोच कोरून भिक्षूंच्या खोल्या आणि निजण्याचे ओटे झाले. पुढे वाड्यांची जोतीही याच दगडाची झाली. काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधले. 2000 माणसे 12 वर्षे खपली असे सांगतात. ओढेकरांचे नाव राहिले. त्या 2000 पैकी एकाचेही आपणांस ठाऊक नाही.

घरात जाते आणि पाटा-वरवंटा आले. वापराने दगड गुळगुळीत झाला की वाटण सरके, म्हणून त्याला टाकी लावावी लागे. आमच्या लहानपणी टाकी लावणारी बाई दारात बसे आणि कपच्या उडतात म्हणून डोळे बारीक करून ठोके घाली. दाताखाली कचकच येऊ नये म्हणून पहिले वाटण टाकून देत. आमच्या दातांची काळजी झाली. तिच्या डोळ्यांविषयी कोणी बोलले नाही.

मग शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा आला. हे दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच सांडली तर लगेच पुसावी. अ‍ॅसिडने कधी धुऊ नये, दगड खाल्ला जातो. एवढी निगा कोणालाही जमते.

दुसरी निगा माणसाची. ग्रॅनाइटमध्ये स्फटिक असतो. तो यंत्राने कोरडा कापला की बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. 1948 च्या कारखाना कायद्यानेच तो कळवण्याजोग्या रोगांत धरला होता. पण दारोदार ओटे बसविणाऱ्यापर्यंत कायदा क्वचितच पोचतो. कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांत तर स्फटिक फारच जास्त. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यांवर बंदी घातली.

आपण ओट्याचा रंग निरखून घेतो. कापताना त्यावर पाण्याची धार आहे ना, कारागिराच्या तोंडावर नीट मुखपट्टी आहे ना, हेही उभे राहून पाहावे. घर आपले आहे. तेथे विचारण्याचा अधिकारही आपलाच आहे.