ट्रामपासून पळालेले चुंबक

मुंबईच्या ट्रामना घोड्यांऐवजी विजेची जोड मिळणार, ही विसाव्या शतकाच्या तोंडावरची बातमी शहराला सुखावणारी होती. कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांच्यापुढे मात्र तिने मोठाच पेच उभा केला. विजेवरच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परतताना काही अंशी जमिनीतही उतरतो आणि आसपास स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उभे करतो. वेधशाळेतले चुंबक पृथ्वीचे क्षेत्र मोजायचे. आता त्यांना ट्रामचे वेळापत्रकच नोंदवत बसावे लागले असते.

मूस यांनी ट्रामशी भांडण्यापेक्षा जागा सोडली. खाडीपलीकडे अलिबागला लोखंड टाळून नवी इमारत उभी राहिली आणि १९०४ मध्ये तिथे काम सुरू झाले. पुढची दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालले. जुन्या आकड्यांची मालिका नव्या जागेशी सांधली जावी, एवढ्यासाठीच ही दुहेरी मेहनत. १९०६ मध्ये कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. सरकारी कामात असा वक्तशीरपणा विरळाच! कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी मूस यांनी १९१० मध्ये दोन खंडांत छापल्या. जगभरचे संशोधक आजही ते खंड उघडतात.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली ती जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत म्हणून. चुंबकीय निरीक्षणे १८४१ मध्ये सुरू झाली, एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली. त्यांच्या हाताखाली एक मराठी तरुण होता, केरो लक्ष्मण छत्रे. पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे आणि टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. त्यांचे जन्मगाव नागाव, अलिबागच्या अगदी शेजारचे. त्यांच्या तरुणपणीचे हे काम साठ वर्षांनी त्यांच्याच गावाकडे मुक्कामाला गेले, हा योगायोग मूस यांना ठाऊक होता की नाही कोण जाणे.

त्या काळी नोंद म्हणजे डोळा, दुर्बीण आणि वही. ठरल्या वेळी निरीक्षक टांगलेल्या चुंबकाची जागा पाहून आकडा लिहीत आणि चुंबकीय वादळाची चिन्हे दिसली की नोंदी अधिक जवळजवळ घेत. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांना इंग्लंडमध्ये सूर्यावर एक प्रखर झगझगाट दिसला. साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आदळले आणि तारायंत्रे बिघडली. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतली छायाचित्रित रेषा कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याच्या वहीत मात्र आकडे उतरले: आडव्या बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना आणि शोभना अॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह हे आकडे नव्याने मांडले, तेव्हा त्या वादळाचे खरे माप जगापुढे आले.

त्याच वादळात क्यूला बाल्फर स्ट्यूअर्ट यांना मोठ्या घसरणीवर स्वार झालेली बारीक, नियमित थरथर दिसली होती. ही थरथर म्हणजे अवकाशातल्या लहरी, हे समजायला जवळपास शतक लागले. १९४२ मध्ये हानेस आल्फवेन यांनी दाखवले की विद्युतभारित वायूत, म्हणजे प्लाझ्मात, चुंबकीय बलरेषा ताणलेल्या तारेसारख्या कंप पावू शकतात. दुसऱ्या जातीच्या लहरी तर आधी कानांनी पकडल्या. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकताना जर्मन पथकांना उतरत्या सुराच्या शिट्ट्या ऐकू आल्या. त्या दूरच्या विजांपासून निघून पृथ्वीच्या बलरेषांवरून अवकाशात फेरी मारून येतात, हे ओवेन स्टोरी यांनी १९५३ मध्ये उलगडले.

जमिनीवरून एवढेच कळू शकत होते, कारण वरच्या बऱ्याच लहरी आयनमंडळ खाली येऊच देत नाही. म्हणून मोजमाप वर न्यावे लागले. १९५८ मध्ये सोव्हिएत स्पुतनिक-३ ने फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर कक्षेत नेला. हे उपकरण क्षेत्रातले संथ बदल उत्तम टिपते. जलद लहरींसाठी लागते ते शोधवेटोळे: सहज चुंबकित होणाऱ्या मिश्रधातूची लांबट कांडी आणि तिच्यावर तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. क्षेत्र बदलले की तारेत फॅरडेच्या नियमाने व्होल्टेज उमटते. २००० मध्ये गेलेल्या युरोपच्या चारही क्लस्टर उपग्रहांवर असे तीन दिशांचे वेटोळे पाच मीटर लांब दांड्यावर होते. दांडा कशाला? उपग्रहाच्या स्वतःच्या वायरी, बॅटऱ्या आणि सौरपट्ट्या हीच इथली ट्राम.

भारताच्या आदित्य-एल१ या सूर्ययानावर सहा मीटरचा दांडा आहे आणि त्यावर दोन फ्लक्सगेट: एक टोकाला, एक मध्यावर. दोन्हींच्या आकड्यांतला फरक पाहून यानाचा स्वतःचा गोंगाट वजा करता येतो. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, ११ जानेवारी २०२४ रोजी हा दांडा उलगडला.

चारच महिन्यांत त्याची परीक्षा झाली. १० मेच्या रात्री वीस वर्षांतले मोठे चुंबकीय वादळ आले. आदित्यच्या मॅग्नेटोमीटरने ते पृथ्वीकडे जाताना टिपले आणि लडाखमधल्या हानलेला आकाश लालसर झाले.

अशा वादळात कोरस नावाच्या लहरी पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांतल्या इलेक्ट्रॉनांना प्रकाशाच्या जवळपास वेगापर्यंत ढकलतात. असे इलेक्ट्रॉन उपग्रहांची उपकरणे निकामी करू शकतात. एखाद्या उपग्रहाच्या वेटोळ्यात त्या लहरी सापडल्या की पुढचा प्रश्न असतो, त्या क्षणी वादळ किती जोरात होते. त्यासाठी संशोधक जपानमधल्या क्योटोत काढला जाणारा मिनिटामिनिटाचा निर्देशांक पाहतात. तो ज्या थोड्या वेधशाळांच्या नोंदींवर काढतात, त्यांत अलिबाग आहे.