लाखे, वामनराव बळिराम

(१७ सप्टेंबर १८७२ – २१ ऑगस्ट १९४८). छत्तीसगढमधील मराठीभाषक वकील, सहकारी चळवळीचे आद्य संघटक आणि स्वातंत्र्यसैनिक. रायपूर ही त्यांची जन्मभूमी आणि कर्मभूमी. ‘छत्तीसगढ मित्र’ या हिंदी मासिकाचे ते प्रकाशक होते. रायपूरच्या सहकारी मध्यवर्ती बँकेची धुरा त्यांनी पाव शतकाहून अधिक काळ वाहिली.

पार्श्वभूमी : अठराव्या शतकाच्या मध्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढवर बसला. कारभाराच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे रतनपूर, रायपूर, बिलासपूर या भागांत स्थायिक झाली. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि रायपूर हे त्यातले जिल्ह्याचे ठाणे बनले. त्या वेळचा रायपूर जिल्हा फार विस्तीर्ण होता. आजचे दुर्ग शहर आणि त्याला लागून असलेला भिलाईचा परिसर याच जिल्ह्यात मोडत असे. दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९०६ मध्ये झाला. पोलाद कारखान्याची भिलाई त्यानंतर अर्ध्या शतकाने उभी राहिली. लाख्यांच्या उमेदीच्या काळात हा सारा मुलूख भातशेतीचा होता आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी कुळांना सावकाराच्या दारी जावे लागे.

कुटुंब व शिक्षण : वडील बळिराम गोविंदराव लाखे मूळचे गरिबीतले. कष्टाने त्यांनी काही गावे विकत घेतली आणि घराला स्थैर्य आणले. वामनरावांचे शालेय शिक्षण रायपुरात झाले. पुढे हिंदी पत्रकारितेत नाव कमावणारे माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे त्यांचे शाळेपासूनचे स्नेही. मॅट्रिकच्या सुमारास जानकीबाईंशी त्यांचा विवाह झाला. उच्च शिक्षणासाठी ते नागपूरला गेले. १९०४ मध्ये कायद्याची पदवी घेऊन परतल्यावर त्यांनी रायपुरात वकिली सुरू केली.

‘छत्तीसगढ मित्र’ : वकिलीच्या आधीच त्यांचे सार्वजनिक कार्य सुरू झाले होते. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघाले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर हे संपादक, तर लाखे प्रकाशक. तिघेही मराठी घरांतले; मासिक मात्र त्यांनी हिंदीत काढले, कारण ज्या लोकांपर्यंत पोचायचे त्यांच्या वाचनाची भाषा ती होती. छपाई प्रथम रायपूरच्या कयूमी प्रेसमध्ये आणि नंतर नागपूरच्या देशसेवक प्रेसमध्ये होत असे. छत्तीसगढमधील पत्रकारितेचा आरंभ या मासिकापासून मानला जातो. सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ मध्ये याच मासिकात आली. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये तिची गणना होते. पुस्तकांची साक्षेपी समीक्षा हे मासिकाचे आणखी एक वैशिष्ट्य. पैशाची तोंडमिळवणी होईना, म्हणून डिसेंबर १९०२ मध्ये ते बंद पडले. तीनच वर्षांच्या या उद्योगाने रायपुरात लिहित्या-वाचत्या कार्यकर्त्यांचे एक वर्तुळ तयार केले. लाखे अखेरपर्यंत त्यात वावरले.

वकिली व सहकार : १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी छत्तीसगढचा शेतकरी खंगला होता. दिवाणी कोर्टात काम करणाऱ्या वकिलासमोर कर्जाचे दावे, गहाणखते आणि जप्तीचे हुकूम यांची रीघ असे. एकेका कुळाची बाजू मांडून सगळा गाव कर्जातून सुटणार नव्हता. त्यासाठी वाजवी व्याजाने पैसा देणारी कायमची व्यवस्था हवी होती. ती उभी करण्याची वाट कायद्यानेच मोकळी केली. १९०४ च्या कायद्याने गावोगाव सहकारी पतसंस्था नोंदवता येऊ लागल्या आणि १९१२ च्या कायद्याने त्यांना भांडवल पुरवणाऱ्या मध्यवर्ती बँकांना मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, रायपूर को-ऑपरेटिव्ह सेंट्रल बँक स्थापन झाली.

या व्यवस्थेची घडण साधी होती. गावातल्या किमान दहा जणांनी मिळून संस्था नोंदवायची. शहरातल्या ठेवी मध्यवर्ती बँकेने गोळा करायच्या, त्यातून संस्थेला कर्ज द्यायचे आणि संस्थेने ते सभासदांत वाटायचे. ग्रामीण संस्थेत जबाबदारी अमर्याद असे. एकाने कर्ज थकवले तर भार सगळ्यांवर येई. त्यामुळे कोणाला बियाण्यासाठी पैसे हवेत, कोणाला बैलासाठी आणि कोण ते लग्नात उडवील, हे गावकरी स्वतःच पारखून घेत. सावकाराकडे तारण म्हणून जमीन गुंतत असे. इथे शेजाऱ्याचा शब्द तारण ठरला. अशी बँक ठेवीदारांच्या विश्वासावर चालते आणि तो विश्वास चोख हिशेबातून येतो. लाखे १९१३ ते १९३६ अशी सलग वर्षे बँकेचे मानद सचिव आणि १९३७ ते १९४० या काळात अध्यक्ष होते. पुढे १९४५ मध्ये बलौदाबाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. धान पिकवणाऱ्याला तांदळाचाही मोबदला मिळावा, हा तिच्यामागचा विचार.

राजकीय कार्य : लाखे लोकमान्य टिळकांच्या विचारांकडे ओढले गेलेले. होमरूल चळवळ रायपुरात रुजवणाऱ्यांत ते होते. १९१६ मध्ये सरकारने त्यांना ‘रायसाहेब’ किताब दिला. असहकाराची हाक येताच त्यांनी तो परत केला आणि रायपूरकरांनी त्यांना ‘लोकप्रिय’ ही पदवी बहाल केली. १९२१ मध्ये रायपुरात राष्ट्रीय विद्यालय सुरू झाले, त्याचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. १९२२ मध्ये ते रायपूर जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी रायपूरपुढे अडचण होती, ती समुद्र नसल्याची. एप्रिल १९३० मध्ये इथल्या कार्यकर्त्यांनी सोडा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या संयोगातून मीठ तयार करून कायदा मोडला. त्या वर्षीच्या आंदोलनाचे नेतृत्व वामनराव लाखे, महंत लक्ष्मीनारायण दास, ठाकूर प्यारेलाल सिंह, मौलाना अब्दुल रऊफ आणि शिवदास डागा या पाच जणांनी केले. लोक त्यांना ‘पांडव’ म्हणत आणि वयाने ज्येष्ठ असलेले लाखे त्यांतले युधिष्ठिर. वकील, महंत, मौलाना आणि व्यापारी अशा वेगवेगळ्या थरांतल्या माणसांना एका कुटुंबाची उपमा मिळावी, यातून त्या वेळच्या रायपूरच्या एकोप्याची कल्पना येते. या आंदोलनात लाख्यांना एक वर्ष तुरुंगवास आणि तीन हजार रुपये दंड झाला. १९४१ च्या वैयक्तिक सत्याग्रहात सिमगा येथे त्यांना पुन्हा अटक झाली आणि चार महिन्यांची शिक्षा त्यांनी नागपूरच्या तुरुंगात भोगली. तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

अखेरचा काळ व वारसा : १५ ऑगस्ट १९४७ रोजी रायपूरच्या गांधी चौकात लाख्यांच्या हस्ते तिरंगा फडकला. पुढच्या वर्षी त्यांचे निधन झाले. रायपुरातील लाखे नगर ही वस्ती आणि त्यांच्या नावाची शाळा त्यांची आठवण जपून आहेत.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने ज्या भूमीत घर केले तिच्याशी कसे नाते जोडावे, याचा लाखे हा उत्तम दाखला आहे. त्यांनी तिथली भाषा आपली मानली आणि तिथल्या शेतकऱ्याचे कर्ज हा आपला प्रश्न मानला. त्यांच्याच पिढीच्या मागोमाग आलेले ठाकूर प्यारेलाल सिंह यांनी १९२० मध्ये राजनांदगावच्या गिरणी कामगारांचा संप लढवला आणि पुढे विणकरांचे सहकारी संघटन केले. वकिलीतून लोकसंघटनेकडे येण्याची ही परंपरा रायपूर-दुर्ग भागात घट्ट रुजली. तुरुंगवास आणि किताबाचा त्याग यांमुळे लाख्यांचे नाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात आले. त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र, वर्षानुवर्षे विनावेतन सांभाळलेली शेतकऱ्यांची बँक, हेच मानले पाहिजे.