नाला सरकला नव्हता, नकाशा सरकला होता

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चुकीची बातमी जाता जाता राहिली. आज सांगतोय, कारण गावात पुन्हा जुने नकाशे मोबाइलवर फिरू लागलेत.

नाल्याला पूर आला, खालच्या वस्तीत पाणी शिरलं आणि नेहमीची चर्चा सुरू झाली, "यांनी नाल्यातच घरं बांधली." एका निवृत्त गुरुजींकडे सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा होता, इंचाला एक मैल प्रमाणाचा. मी तो स्कॅन केला, क्यूजीआयएस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकला, कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश भरले आणि खाली आजचं उपग्रहचित्र लावलं. नाल्याची निळी रेघ थेट वस्तीवरून गेली. मथळासुद्धा डोक्यात तयार होता.

तेवढ्यात टेकडीवरच्या देवळाकडे लक्ष गेलं. नकाशातलं देऊळ टेकडीखाली, शेतात. रेल्वेचा रूळ बाजूच्या वावरातून. सगळं एकाच दिशेला, सारख्याच अंतराने, शे-दीडशे मीटर सरकलेलं. नाला पात्र बदलेल एक वेळ, देऊळ कसं चालत जाईल?

याचं उत्तर दोनशे वर्षांमागे आहे. 1802 मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ साखळीने पायारेषा मोजून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. त्याचा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा. तो घेऊन ही माणसं एकेक त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकली. हैदराबादहून नागपूरकडे येताना 20 जानेवारी 1823 रोजी लॅम्बटन वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. या मोजणीवरून त्याने 1830 मध्ये पृथ्वीचा आकार मांडला. विषुववृत्ताशी त्रिज्या आली सुमारे 6377 किलोमीटर.

हा आकार भारतावर चांगला बसत होता, पण साऱ्या पृथ्वीवर नाही. आजचं जीपीएस वापरतं तो 'डब्ल्यूजीएस 84'. त्याची त्रिज्या सुमारे 6378 किलोमीटर आणि मध्य पृथ्वीच्या मध्याशी. म्हणजे त्याच जागेचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत वेगळे येतात. आपले जुने नकाशे एव्हरेस्टच्या आकारावर काढलेले. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर जनतेसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस 84 वर आले.

आता माझी चूक. स्कॅन केलेला नकाशा सॉफ्टवेअरला म्हणजे नुसते रंगीत ठिपके. ते कुठले, हे आपण सांगू तेच त्याला खरं. मी एव्हरेस्टचे आकडे भरले आणि वर लेबल लावलं डब्ल्यूजीएसचं. नंतर लेबल बदलावं लागलंच, पण उपग्रहचित्रावर बसवताना एका पद्धतीतून दुसरीत रूपांतर नीट होतंय का, तेही बघावं लागलं. मग देऊळ टेकडीवर चढलं, रूळ रुळावर आला आणि नाला वस्तीच्या बाजूने, आपल्या पात्रातून वाहू लागला.

फक्त एका जागी जुळेना. वरच्या अंगाला जुन्या नकाशात नाल्याला मोठं वळण आहे. आज तिथे भराव आणि ले-आऊट. मी जाऊन पाहिलं, मोजणीचे कागद काढले, मग बातमी केली. ती वस्तीची नव्हती.

म्हणून मंडळी, कुणी जुना नकाशा दाखवून "तुमचं घर नाल्यात" म्हणालं तर तीन गोष्टी विचारा. नकाशा कुठल्या पद्धतीवरचा? देऊळ, रेल्वेपूल, जुनी विहीर जागेवर बसतात का? सगळं सारखंच सरकलं असेल तर दोष बहुधा पद्धतीचा. एक कोपरा जुळतो नि दुसरा नाही, तर कागद आक्रसलेला किंवा खुणेचे बिंदू चुकलेले. आणि तिसरं, नकाशाचं प्रमाण काय? इंचाला एक मैल म्हटलं की अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर तीसेक मीटर रुंद होते. त्या रेघेवरून कुणाचं घर पाडायचं ठरवता येत नाही.

त्या दिवशी देवळाकडे नजर गेली नसती, तर पुरात भिजलेल्या लोकांवरच मी अतिक्रमणाचा शिक्का मारला असता.