नाट्यमंडपाचें मान आणि अर्वाचीन रंगगृहें

भरताच्या नाट्यशास्त्रांत, दुसऱ्या अध्यायीं, नाट्यमंडपाचीं जीं मापें सांगितलीं आहेत तीं केवळ पोथींतलीं, व्यवहारांत निरुपयोगी, असें पुष्कळ विद्वान् म्हणतात. आम्हांस हें मत मान्य नाहीं.

विकृष्ट मंडपाचें मध्यम मान ६४ हात लांब व ३२ हात रुंद. हात म्हणजे २४ अंगुळें, अदमासें दीड फूट. तेव्हां मंडप ९६ फूट लांब व ४८ फूट रुंद झाला. पैकीं मागील अर्धा रंग व नेपथ्य यांकडे जातो. म्हणजे अगदीं शेवटची रांगही रंगाच्या कडेपासून ४८ फुटांच्या आंतच येते. याहून मोठ्या मंडपांत स्वर विरतो व मुखावरील भाव दिसत नाहींत, असें कारणही मुनींनीं दिलें आहे. मंडप पर्वतगुहेसारखा, लहान गवाक्षांचा व निवात असावा, म्हणजे स्वर गंभीर राहतो, हें त्यांचें पुढील सांगणें. गुहेची ही उपमा वाचतांना आम्हां कोनकरांस खाडीपलीकडील कल्याणची आठवण होते. तेथील व्यापाऱ्यांचीं दानें कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत नमूद आहेत.

आतां मुंबईस नरीमन पॉइंट येथील टाटा थिएटर पाहावें. जे. आर. डी. टाटा व जमशेद भाभा यांनीं १९६९ सालीं स्थापिलेल्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचें हें गृह १९८० सालीं उघडलें. वास्तुकार फिलिप जॉन्सन व ध्वनिशास्त्रज्ञ सिरिल हॅरिस, दोघेही अमेरिकन. सुमारें हजार आसनें सरळ मागें न नेतां रंगाभोंवतीं पंख्यासारखीं पसरलीं आहेत. कारण आपल्याकडील गायकाचा कंठ व नर्तकीचा नेत्राभिनय यांस सान्निध्य लागतें. जॉन्सन यांनीं भरत वाचला होता असा आमचा दावा नाहीं. पाश्चात्य वाद्यवृंद व ऑपेरा यांस योग्य असें जमशेद भाभा थिएटर त्याच आवारांत १९९९ सालीं निराळें उभारलें गेलें, हें मात्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पुण्याचें बालगंधर्व रंगमंदिर महानगरपालिकेचें. कोनशिला १९६२ सालीं खुद्द बालगंधर्वांनीं बसविली. उद्घाटन त्यांच्या जन्मदिनीं, २६ जून १९६८ रोजीं झालें, पण तत्पूर्वींच, १९६७ सालीं, ते निवर्तले होते. नाटक, लावणी, गायन, सत्कार, सर्वांस तें एकच घर. नगराचें म्हणावें तें हेंच, असें आम्ही समजतों. तें पाडून मोठें संकुल बांधण्याची योजना २०१८ सालीं पुढें आली. मोठें करावयाचें तर किती हात, हा प्रश्न त्या वादांत फारसा कोणी विचारला नाहीं.

मत्तवारणी रंगाच्या दोहों बाजूंस कीं पुढें, याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. ज्यांच्या संग्रहीं या अध्यायाची हस्तलिखित प्रत असेल त्यांनीं तेथील पाठ आम्हांस कळवावा.