दोन डॉलरचे तळे

आपल्याकडची कितीतरी मुले-मुली संगणकाच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिएटलच्या आसपास स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडे चार महिने राहून आलेले आईवडील परतल्यावर फोटो दाखवतात, त्यात लेक वॉशिंग्टनचा एक तरी असतोच. निळेशार पाणी, शिडाच्या होड्या, डुंबणारी पोरे. ‘काय स्वच्छता हो तिथे!’ हा शेराही ठरलेला. ती स्वच्छता जणू अमेरिकेच्या मातीतच आहे, असा आपला समज असतो. पण १९५०च्या दशकात याच तळ्याच्या काठी ‘पाणी दूषित आहे, पोहू नये’ अशा पाट्या लागल्या होत्या.

हे तळे सुमारे ३५ किलोमीटर लांब आहे. पश्चिमेला सिएटल शहर आणि पूर्वेला बेलव्ह्यूसारखी उपनगरे. १९४० साली तळ्यावर तरंगता पूल झाला आणि पूर्वेकडची वस्ती झपाट्याने वाढली. वस्ती वाढली तसे सांडपाणी वाढले. सिएटलने आपले मैलापाणी तळ्यात सोडणे १९३०च्या दशकातच थांबवले होते. आता उपनगरे सोडू लागली. बरे, ते पाणी कच्चे नव्हते, शुद्धीकरण केंद्रांतून येत होते. त्यामुळे कोणाला दोषही देता येईना. दिसायला स्वच्छ असलेल्या त्या पाण्यात फॉस्फरस मात्र शिल्लक राहत होता, आणि शेवाळाला तेच खत लागते. १९६२च्या सुमारास असे साडेसात कोटी लिटर पाणी रोज तळ्यात पडत होते.

१९५५ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना तळ्यात एक विशिष्ट नीलहरित शेवाळ आढळले. स्वित्झर्लंडमधले झुरिकचे तळे बिघडू लागले तेव्हा तिथेही हेच शेवाळ दिसले होते. प्राध्यापक एडमंडसन यांनी त्यावरून पुढचे ओळखले. त्यांनी सांगितले, की सांडपाणी असेच येत राहिले तर तळे नासेल, आणि ते थांबवले तर सावरेल. शास्त्रज्ञ सहसा तळे मेल्यावर शवविच्छेदन करतात. इथे आजार सुरू होतानाच निदान मिळाले होते.

पण औषध देणार कोण? काठावरचे प्रत्येक गाव आपापल्या नळापुरते पाहत होते. अशा वेळी जेम्स एलिस नावाचा एक तरुण वकील पुढे आला. धाकटा भाऊ दुसऱ्या महायुद्धात मारला गेल्यानंतर त्याच्या वाट्याचेही सार्वजनिक काम आपण करायचे, असे एलिस पतिपत्नींनी ठरवले होते. १९५३ पासून एलिस एकच गोष्ट सांगत होते, की तळे एक आहे, तर त्याची काळजी घेणारी संस्थाही एकच हवी. १९५६ साली एडमंडसन यांनी त्यांना पत्र लिहून लोकांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे मांडून दिली. पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने ‘मेट्रो’ या संस्थेसाठी कायदा केला. मात्र शेवटचा शब्द मतदारांचा होता.

मार्च १९५८ मध्ये मतदान झाले आणि ठराव पडला. सिएटलने होकार दिला, पण उपनगरांनी नकार दिला, आणि कायद्याने दोन्हीकडे बहुमत हवे होते. ‘मोठे शहर आपल्याला गिळणार’ ही भीती उपनगरांत होती, आणि ती अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही. मूळ ठरावात सांडपाण्याबरोबर वाहतूक आणि नियोजनही घातले होते. एलिस आणि त्यांचे सहकारी रागावून घरी बसले नाहीत. त्यांनी वाहतूक आणि नियोजन काढून टाकले, हद्द आखडती घेतली आणि फक्त सांडपाण्याचा प्रश्न ठेवला. महिलांच्या संघटना दारोदार फिरल्या. दूषित पाण्याच्या पाटीपाशी उभ्या असलेल्या मुलांचे छायाचित्र प्रचारात वापरले गेले. सहाच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, ठराव दोन्हीकडे मंजूर झाला. घरटी महिन्याला सुमारे दोन डॉलर द्यायला लोक कबूल झाले होते.

दोन डॉलर देऊन तळे लगेच निवळले नाही. उलट नळ टाकण्याची कामे चालू असतानाच ते सर्वात वाईट झाले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘लेक स्टिंको’, म्हणजे घाणेरडे तळे, असे नाव दिले. १९६४च्या उन्हाळ्यात पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी अवघ्या ७६ सेंटिमीटरवर दिसेनाशी होई. लोक भरत होते पैसे आणि पाहत होते शेवाळ! तो काळ निभावला, हे मला मतदानापेक्षाही मोठे वाटते. १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने सगळे सांडपाणी वळवले गेले. खर्च झाला सुमारे १४ कोटी डॉलर. मग मात्र पाणी भराभर निवळले. १९७६ पासून तर डॅफ्निया नावाचे, शेवाळावर जगणारे चिमुकले जीव मोठ्या संख्येने वाढले आणि पाणी शास्त्रज्ञांच्या अपेक्षेपेक्षाही स्वच्छ झाले.

सांडपाणी वळवले म्हणजे नाहीसे झाले असे नव्हे. शुद्ध करून ते प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीत सोडले जाऊ लागले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथले एक मोठे केंद्र पाण्याखाली जाऊन बंद पडले, तेव्हा कोट्यवधी लिटर घाण पाणी खाडीत गेले.

आणि तळे स्वच्छ झाले, तरी तिथपर्यंत पोहोचायचे कसे? सिएटलच्या बाजूला ओल्मस्टेड बंधूंनी १९०३ साली आखलेल्या आराखड्यामुळे काठाने रस्ता आणि उद्याने आली. १९६८ साली एलिस यांच्याच पुढाकाराने उद्यानांसाठी ११ कोटी ८० लाख डॉलरचे कर्जरोखे मतदारांनी मंजूर केले. तरीही काठाचा मोठा भाग श्रीमंतांच्या बंगल्यांमागे आहे, आणि पाणी निवळल्यावर तिथल्या जमिनीचा भाव काही कमी झाला नसणार.

सामान्य माणसाच्या वाट्याला उरले ते रस्त्यांचे शेवट. नकाशावरचा सार्वजनिक रस्ता सरळ पाण्यात जाऊन संपतो, तो तुकडा सगळ्यांचा. शेजारी हळूच कुंपण घालतात, झुडपे लावतात, गाडी उभी करतात आणि वीस वर्षांनी तो त्यांचाच दिसू लागतो. आपल्याला हे समजावून सांगायला नको. सिएटलमधल्या नागरिकांनी असे तुकडे शोधून काढले, महापालिकेमागे लकडा लावला, आणि १९९६ साली शहराने ठराव करून किनाऱ्यावरचे सुमारे दीडशे रस्ते-शेवट लोकांसाठी राखले. ईशान्येच्या १३०व्या रस्त्याच्या टोकाला लोक पिढ्यान् पिढ्या पोहायला उतरत. कागदपत्रांतली जुनी चूक दाखवून शेजारच्या बंगलेवाल्यांनी ती जागा न्यायालयात जिंकली. तेव्हा तिथल्या रहिवाशांनी पुन्हा शहराचे दार ठोठावले. शेवटी पैसे मोजून, रीतसर भूसंपादन करून, शहराला ती चिंचोळी पट्टी परत घ्यावी लागली.