जनुकीय अनुक्रमांची संगणकीय तुलना

जनुकातील क्षारकांचे अथवा प्रथिनातील ॲमिनो अम्लांचे अनुक्रम संगणकाच्या साहाय्याने परस्परांशी पडताळून त्यांतील साम्य, नाते व कार्य यांविषयी अनुमान काढण्याच्या पद्धती. रसायनशास्त्र, गणित, भौतिकी व जीवविज्ञान या शाखांतील अभ्यासकांनी त्या घडविल्या. त्यांच्या इतिहासात गणिती रीतींइतकेच महत्त्व अनुक्रमांच्या संग्रहाला आहे. कारण ज्यांच्याशी तुलना करावयाची ते अनुक्रम हाताशी नसतील, तर उत्तम रीतही निरुपयोगी ठरते.

फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत गायीच्या इन्शुलिनातील ५१ ॲमिनो अम्लांचा क्रम व रचना निश्चित केली. या प्रकारच्या कामात प्रथिनाचे लहान तुकडे करून, त्यांच्या एकमेकांवर येणाऱ्या टोकांवरून मूळ साखळी जुळवावी लागे. हे किचकट काम यंत्राकडे सोपविण्याची कल्पना मार्गारेट डेहॉफ (१९२५–८३) व रॉबर्ट लेडली यांनी १९६२ मध्ये प्रत्यक्षात आणली. डेहॉफ मूळच्या पुंज रसायनाच्या अभ्यासक होत्या व छिद्रित कार्डांवर चालणारी गणनयंत्रे त्यांनी पीएच.डी.च्या संशोधनातच वापरली होती. त्यांच्या संपादनाखाली १९६५ मध्ये ‘ॲटलस ऑफ प्रोटीन सीक्वेन्स अँड स्ट्रक्चर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ६५ प्रथिनांचे अनुक्रम होते. प्रत्येक ॲमिनो अम्लासाठी एकच अक्षर वापरण्याचा आज रूढ असलेला संकेतही त्यांच्याच कामातून पुढे आला. क्रमविकासात कोणते ॲमिनो अम्ल कोणत्याच्या जागी किती वेळा येते, याची कोष्टके त्यांच्या गटाने १९७८ मध्ये दिली. त्यासाठी निकटच्या प्रथिनांच्या ७१ गटांतील १,५७२ बदल मोजण्यात आले. आयसोल्यूसिनाच्या जागी व्हॅलीन येणे ही नित्याची बाब, तर ट्रिप्टोफॅन क्वचितच बदलते. तेव्हा दोन्ही बदलांना सारखेच लेखणे योग्य नव्हे, हे यातून स्पष्ट झाले.

तुलनेची काटेकोर रीत सॉल नीडलमन व ख्रिश्चन वुन्श यांनी १९७० मध्ये मांडली. एक अनुक्रम आडवा व दुसरा उभा मांडून कोष्टक आखतात आणि प्रत्येक घरात तेथवरच्या सर्वोत्तम जुळणीचे गुण लिहीत जातात. घटक जुळल्यास गुण मिळतात, मध्ये फट सोडावी लागल्यास कापले जातात. कोष्टक भरल्यावर उलट मागोवा घेतला म्हणजे सर्वोत्तम जुळणी हाती येते. प्रत्येकी १०० घटकांच्या दोन अनुक्रमांसाठी सुमारे १०,००० घरे भरावी लागतात. सर्व संभाव्य जुळण्या एकेक तपासणे मात्र कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. टेंपल स्मिथ व मायकेल वॉटरमन यांनी १९८१ मध्ये हीच रीत अनुक्रमांच्या केवळ साम्य असलेल्या भागांपुरती लागू होईल अशी बदलली.

डीएनएचा क्रम वाचण्याच्या जलद पद्धती १९७७ मध्ये उपलब्ध झाल्यावर अनुक्रमांचा ओघ वाढला आणि संग्रह कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. डेहॉफ यांचा गट संशोधकांकडून अनुक्रम मागवी. पण ॲटलसवर स्वामित्वहक्क होता व तो विकत घ्यावा लागे. आपण दिलेली माहिती आपल्यालाच मोल देऊन घ्यावी लागते, ही संशोधकांची तक्रार रास्त होती. तथापि तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला संग्रहाचा खर्च भागविण्याचे दुसरे साधन नव्हते आणि असे संकलन म्हणजे खरे संशोधन नव्हे हा त्या काळचा समज डेहॉफ यांना भोवला, हेही नमूद केले पाहिजे. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी जेनबँक या सार्वजनिक संग्रहाचे कंत्राट त्यांना न देता बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ही कंपनी व लॉस ॲलॅमॉस प्रयोगशाळेतील भौतिकीविज्ञ वॉल्टर गोड यांच्या गटाला दिले. संग्रह सर्वांना खुला ठेवण्याची तयारी ही या गटाची जमेची बाजू होती. त्यानंतर काही महिन्यांतच डेहॉफ यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह पुढे यूनिप्रॉट या आंतरराष्ट्रीय प्रथिनसंग्रहात सामील झाला.

संग्रहाचे मोल १९८३ मध्येच दिसून आले. रसेल डूलिटल यांनी बिंबाणूंपासून मिळणाऱ्या वाढघटकाचा अनुक्रम स्वतः जमविलेल्या संग्रहाशी ताडून पाहिला, तेव्हा तो माकडात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या एका व्हायरसाच्या जनुकाशी जुळला. लंडनमधील एका गटालाही त्याच सुमारास हेच साम्य आढळले. पेशींच्या स्वाभाविक वाढीचे जनुक कर्कजनक होऊ शकते, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले. मात्र साम्य म्हणजे कार्याची सिद्धता नव्हे. साम्यावरून चुकीचे कार्य नोंदले गेल्यास ती चूक एका नोंदीतून दुसरीत उतरत जाते. हा दोष आजच्या मोठ्या संग्रहांतही आहे.

संग्रह फुगल्यावर संपूर्ण कोष्टक भरणे परवडेनासे झाले. म्हणून आधी लहान तुकड्यांचे साम्य शोधून तेवढाच भाग विस्ताराने तपासणारी ब्लास्ट ही पद्धती १९९० मध्ये आली. भारतात जैव तंत्रज्ञान विभागाने १९८६-८७ पासून माहितीकेंद्रांचे जाळे उभारले. पुणे विद्यापीठातील केंद्र त्यांपैकी एक होय. प्रथिनाच्या अनुक्रमावरून त्यातील प्रतिजनी भाग ओळखण्याची अशोक कोळस्कर व प्रसाद तोंगावकर यांची १९९० मधील रीत बरीच वापरली जाते.

मानवी जनुकसंचाच्या वेळी जुना वाद नव्या स्वरूपात उद्भवला. सार्वजनिक प्रकल्पातील गटांनी १९९६ मध्ये बर्म्यूडा येथे नवे अनुक्रम २४ तासांत खुले करण्याचे ठरविले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या सेलेरा या कंपनीने मात्र आपल्या माहितीच्या वापरावर अटी घातल्या. सार्वजनिक तुकडे जुळविणारा कार्यक्रम जिम केंट या विद्यार्थ्याने सुमारे चार आठवड्यांत लिहिला आणि ७ जुलै २००० रोजी तो जुळविलेला आराखडा इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध झाला. त्यात राहिलेल्या उणिवा, विशेषतः पुनरावृत्त क्षारकांचे लांब पट्टे, २०२२ मध्ये भरून निघाले व सु. ३०५·५ कोटी क्षारकांचा सलग अनुक्रम प्रसिद्ध झाला.